मोहाच्या तेलातली निगेटिव्ह

गेल्या मार्गशीर्षात आमगावला माझ्या बहिणीच्या घरी ठेवलेली एक कागदी निगेटिव्ह उंदराने खाल्ली. उंदीर कोणी पाहिला नाही. कपाटावर लेंड्या होत्या, पुठ्ठ्याची कड कुरतडलेली होती आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग नव्हता. निगेटिव्ह माझ्या भाऊजींची होती. भाऊजी त्याआधी आश्विनात वारले होते.

आता फाल्गुन लागला आहे. गोंदियाहून आमगावकडे जाताना रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला दिसतो. झाडावर पान नाही, नुसती फुले. बांध्यांमध्ये, धानाच्या त्या बांध घातलेल्या तुकड्यांत, एखादा उन्हाळी धानाचा हिरवा पट्टा, बाकी सगळीकडे खुंट आणि भेगा. ऊन अजून अंगाला बोचत नाही, पण भिंतीवरच्या सावलीची कड धारदार झाली आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत ताईने छतावर हात आडवा धरून त्याची सावली पाहिली होती आणि म्हटले होते, "आता छापाचं ऊन आलं." सावलीची कड कापल्यासारखी दिसली की छाप चांगला उठतो, असे तिचे साधे गणित आहे. यंदा सावली तशीच पडते आहे.

ताईचे नाव शालिनी. आमगावच्या एका शाळेत तिने चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाली. भाऊजी देवराव यांची घरची धानाची शेती होती, बाजारात सायकलीच्या सुट्या भागांचे दुकान होते. त्यांना मूलबाळ नाही. ताई नोकरीत असताना चित्रकला शिक्षकांच्या एका शिबिरासाठी नागपूरला गेली आणि तिथून उन्हावर फोटो छापायचे वेड घेऊन आली. भाऊजी त्याला 'मास्तरीणबाईचे पापड' म्हणत, कारण छतावर कागद वाळत घातलेले असत.

तिचा कॅमेरा म्हणजे आतून काळा रंग दिलेली लाकडी पेटी. भिंग नाही. पुढच्या पत्र्याला सुईने पाडलेले छिद्र आणि त्यावर काळी चिकटपट्टी. आत फिल्मऐवजी फोटोचा कागद. गोंदियातला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने उरलेल्या कागदाची पाकिटे आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोची एक बरणी तिला देऊन टाकली होती. पट्टी काढायची आणि समोरच्या माणसाने काही मिनिटे हलायचे नाही. मग मोरीत लाल बल्ब लावून कागद धुवायचा. त्यावर माणूस उलट्या उजेडात उमटतो. पांढरे केस काळे होतात, काळी सावली पांढरी होते. ही कागदी निगेटिव्ह. तिच्याखाली मीठ आणि चांदीचा क्षार लावलेला दुसरा कागद दाबून उन्हात ठेवला की सुलटा छाप मिळतो. तो हायपोच्या पाण्यात बुडवला की पक्का होतो. हायपो लावला नाही, तर कागद उजेड घेतच राहतो आणि हळूहळू सगळा काळा होतो.

भाऊजींचे डायलिसिस गोंदियाला चालत असे. मी गोंदियाला लागून कुडव्याला राहतो, त्यामुळे ते दोघे दवाखान्यातून माझ्याकडे येत, थोडे पडत आणि मग गाडी धरत. तिथला तंत्रज्ञ मुलगा गोंदियाच्या हिंदीत दर वेळी तेच सांगे, "अंकल, हाथ सीधा रखो, हिलना मत." गेल्या फाल्गुनात ताईने त्यांना अंगणात खुर्चीवर बसवले आणि पेटी समोर ठेवली, तेव्हा मी तिथे होतो.

"तिथं बी हलू नको, इथं बी हलू नको," भाऊजी म्हणाले. "मी माणूस होय का खांब?"

"खांब बोलत नाही. तोंड मिटा."

"श्वास घेऊ का तोबी बंद ठेवू?"

"घ्या. श्वासाचं मी काही म्हटलं नाही."

ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. डाव्या हाताची शीर सुयांसाठी फुगवलेली होती, ती त्यांनी झाकली नाही. ताईने पट्टी काढली. मोहाची फुले गळायचे दिवस होते. शेजारच्या परसातून वाळत घातलेल्या मोहाचा गोड, आंबूस वास येत होता. पट्टी परत लावल्यावर भाऊजी उठले नाहीत. म्हणाले, "हार घालाले हाच लावजो. रमेश मोबाइलमधला मोठा करून आणन, तो नको. त्यात मी पेशंट दिसतो."

रमेश म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याचे घर त्याच अंगणाला लागून आहे.

"हाराचं काय काढलं सकाळी सकाळी," ताई म्हणाली.

"आज घाल नाई म्हणत मी. पण काढून ठेव."

निगेटिव्ह चांगली उठली. चांगला कागद तेवढाच उरला होता. पाकिटातले बाकीचे कागद जुने होऊन आतूनच काळवंडलेले निघाले. त्या निगेटिव्हमध्ये हात, गुडघे आणि खुर्ची रेखीव होती. छातीचा भाग मात्र धुरकट होता. कागद खराब म्हणून तसे झालेले नव्हते. तितकी मिनिटे ते श्वास घेत होते. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या टेबलावर फोटोंच्या खाली ओळी लिहिल्या. डावीकडून कोण, उजवीकडून कोण, मागे कोण उभे. हललेला फोटो आला की तो बाजूला टाकायचा, असा नियम होता. ही निगेटिव्ह त्या टेबलावर आली असती, तर मी बाजूला टाकली असती.

कागदातून ऊन आरपार जावे म्हणून निगेटिव्हला मेण पाजतात. शिबिरात तेच शिकवले होते. ताईने मेणबत्तीचे मेण लावून एक टाकाऊ कागद पाहिला, तर त्यात गाठी राहिल्या. भाऊजींचे एक नातेवाईक सालेकसाकडच्या जंगलपट्टीत राहतात. त्यांच्याकडून दर वर्षी मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली येई. ती भाऊजींनी पुढे केली.

"देवाजवळ जळते हे, कागदाले काय होते?"

चैत्राच्या उन्हात ते तेल पाण्यासारखे पातळ होते. ताईने कापसाच्या बोळ्याने लावले आणि कागद उन्हासमोर धरला, तेव्हा तो केळीच्या पानासारखा उजळला. चेहरा आणि छाती नीट दिसावी म्हणून तिने तेवढ्या भागावर पुन्हा पुन्हा तेल चोळले. त्या वेळी यात चूक काय, हे कोणी सांगू शकले नसते. सगळे उन्हाळ्याचे दिवस होते.

त्या उन्हाळ्याची मला आठवण येते ती वासाची आणि पाण्याची. छतावर जुन्या तसबिरीची काच, तिच्याखाली निगेटिव्ह, तिच्याखाली चांदीचा क्षार लावलेला कागद आणि कडेला कपड्यांचे चिमटे. ताई अधूनमधून एक कोपरा उचलून पाही. कागद आधी गुलाबी होई, मग विटेच्या रंगाचा, मग पिकल्या जांभळासारखा. तेलाचा वास उन्हाने वर येई. क्षाराने ताईची बोटे काळी झाली होती. शेजारची कौसल्याबाई गच्चीच्या कठड्यावरून विचारी, "काऊन वो मास्तरीण, बिब्बा उतला काय?" ताई सांगे, "चांदी उतली." कौसल्याबाई म्हणे, "मंग आमालेबी लाव थोडी."

भाऊजी जिन्याच्या सावलीत बसत. त्यांना दिवसाला मोजके पाणी होते. घोटघोट, तेही ताई देईल तेव्हा. आणि समोर परातीत छाप धुतला जाई. पाणी बदलायचे, पुन्हा ओतायचे, पुन्हा बदलायचे. ते त्या पाण्याकडे बघत राहत. एकदा म्हणाले, "माह्यापेक्षा माहा फोटो जास्त पाणी पेऊन राहिला." ताईने परात उचलली आणि भिंतीआड नेली. त्यानंतर धुण्याचे काम तिने त्यांच्या नजरेसमोर केले नाही.

मधेच एकदा तिने पळसाच्या फुलांचा रस काढून कागदाला लावला. हा रस उन्हाने विटतो, गडद होत नाही, त्यामुळे निगेटिव्हखाली छाप उलटाच आला. भाऊजींचे पांढरे केस गडद केशरी आणि काळा चेहरा फिक्कट. ते खूष झाले. "कलप न लावता केस रंगवले मास्तरीणबाईनं. आमच्या न्हाव्याले नाई जमलं." तो छाप घरात कुणीही येवो, ते दाखवत. दाखवता दाखवता त्याचा रंग उडाला आणि कोरा कागद उरला. तोही त्यांनी काही दिवस दाखवला.

खऱ्या छापांचे मात्र जमत नव्हते. हायपोत गेला की जांभळा रंग जाई आणि विटकरी येई. भाऊजी म्हणत, "हा तं भट्टीतून काढला मले." त्यावर हसणे झाले. पण वैशाख संपता संपता ते विटकरी छाप पिवळे पडू लागले, आणि आधी चेहऱ्याकडून. स्टुडिओची बरणी जुनी होती, हायपोत दम उरलेला नव्हता. नवा हायपो नागपूरला मिळाला असता. नागपूरला जायला दिवस नव्हता. आठवड्याचे दिवस दवाखान्याने वाटून घेतले होते.

ज्येष्ठात, आभाळ भरून यायच्या आधी, ताईने एक छाप काढला आणि तो हायपोत घातलाच नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यात धुतला. मिठाने छाप काही काळ दम धरतो, एवढेच. तो तसाच जांभळा राहिला. केसांची पांढरी कड, गालाचा खळगा, छातीवरचा तो धूर, सगळे त्यात होते. भाऊजींनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला. मग म्हणाले, "हा मी होय."

ताईने त्यांना सांगितले की हा पक्का नाही, जितका पाहाल तितका काळा होईल. नवा हायपो आणला की याला पक्का करू, नाहीतर निगेटिव्ह आहे, दुसरा काढू. छाप काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. दवाखान्यातून परतले की भाऊजी तो मागत. ताई खिडकीचा पडदा ओढी, गुंडाळी उघडी, ते पाहत आणि लगेच म्हणत, "पुरे. ठेव. मले मंग लागन."

निगेटिव्ह आहे. त्या उन्हाळ्यात हे वाक्य घरात किती सहज बोलले गेले, ते आता जाणवते. छाप विटकरी झाला, असू दे, निगेटिव्ह आहे. पिवळा पडला, असू दे. पक्का करायचा राहिला, असू दे. एक वस्तू जागेवर आहे, या विश्वासावर बाकीच्या सगळ्या वस्तू जाऊ दिल्या गेल्या. माणसांच्या बाबतीतही हेच होते. दवाखाना आहे, पुढचा वार आहे, डॉक्टर आहेत. आहे आहे म्हणत आपण आश्विनापर्यंत येतो.

पाऊस लागला. ऊन गेले. श्रावणात भाऊजींच्या पायांवर सूज आली, भाद्रपदात दम लागू लागला. आश्विनात गोंदियाच्या दवाखान्यात ते वारले. ताई त्यांच्याजवळ होती.

तेरवीला अंगणात मांडव घातला होता. माहेरची साडी घेऊन मी दुपारच्या गाडीने पोचलो. ताई रिवाजाप्रमाणे आत, बायकांच्या गराड्यात बसलेली होती. मांडवाच्या तोंडाशी टेबलावर समई, तांदूळ आणि चौकट. रमेशने मोबाइलमधला फोटो मोठा केलेला नव्हता. भावाचे शब्द त्याने ऐकलेले होते. त्याने कपाटातून काळी गुंडाळी काढली होती, छाप काचेखाली बसवला होता आणि झेंडूचा हार घातला होता. सकाळपासून तो तिथे होता. मांडवाच्या कापडातून उजेड येत होता. येणारा प्रत्येक जण हात जोडून, थांबून, त्या फोटोकडे पाहत होता.

मी पोचलो तेव्हा केसांची पांढरी कड दिसत होती. गालाचा खळगा दिसत नव्हता. छाती काळी झाली होती. मी चौकट उचलून आत नेली. रमेश मागून आला.

"काय झालं जी? भाऊच्या पसंतीचा होय न हा?"

ताईने चौकट हातात घेतली. तिने तिच्यावरचा हार सरळ केला.

"हाव," ती म्हणाली. "त्यांच्याच पसंतीचा होय."

छाप पक्का नाही, हे रमेशला कोणी सांगितले नव्हते. ती गोष्ट नवराबायकोच्या दोघांतली होती, पडदा ओढून बोललेली. आणि भावाचा शब्द पाळणारा तो त्या घरात एकटाच होता. ताईने त्याला अजूनही कारण सांगितलेले नाही. जेवणावळी झाल्या, संध्याकाळी मांडव उतरला. तोवर काचेखाली हाराच्या आत जांभळ्या रंगाचा एक सपाट चौकोन होता. माझ्याच मोबाइलवर मी त्याचा फोटो काढला. का काढला, सांगता येणार नाही. टेबलावरची सवय असावी. बातमीत मृताचा फोटो मिळाला नाही की आम्ही तेवढी जागा राखाडी सोडत असू.

दुसऱ्या दिवशी मी निघताना ताई म्हणाली, "निगेटिव्ह आहे. फागुनात ऊन येईल. तू तेवढा हायपो आणून ठेव."

कार्तिकात मी नागपूरहून हायपो आणून दिला. बाटलीचे बूच तिने उघडले नाही. उन्हाची वाट पाहायची होती.

मोहाचे तेल थंडीत थिजते. तुपासारखे घट्ट होते, दाणेदार होते. हे इकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. थंडीत बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. पण तेल कागदात गेले की ते तेल आहे, हे माणूस विसरतो. कार्तिकाच्या शेवटी ताईने निगेटिव्ह काढून पाहिली, तर चेहऱ्यावर पांढरे डाग धरले होते. तिने कागद शेगडीवर दुरून शेकला, डाग विरले. चेहऱ्यावर आणि छातीवर पुन्हा थोडे तेल चोळले. दोन पुठ्ठ्यांत घालून कपाटावर ठेवला, म्हणजे हाताशी राहील.

त्याच दिवसांत धान कापला जातो. बांध्या रिकाम्या झाल्या की शेतातले उंदीर घरांकडे येतात. तेही इकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

ताईचा फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या चौकात भाजी घेत होतो.

"अरुण, निगेटिव्ह गेली."

"कुठे गेली?"

"उंदरानं खाल्ली. चेहराच खाल्ला. तेल तिथंच जास्त होतं."

मी विचारले, बाकी किती उरली. ती म्हणाली, "खालचं आहे." मग भाजीवालीने पिशवी पुढे केली आणि मी ती घेतली, एवढे आठवते.

ज्यांना ही हकिकत सांगितली ते सगळे एकच विचारतात, त्या छापाचा मोबाइलवर काढलेला फोटो नाही का. आहे. रमेशच्या मुलीने ज्येष्ठात एक काढला होता, जांभळा रंग असतानाचा. तो सरळ आहे, स्पष्ट आहे. कुठल्याही दुकानात हवा तेवढा मोठा करून मिळेल. पौषात तिने तो ताईला दाखवला. ताईने पाहिला आणि मोबाइल परत दिला. "हा छापाचा फोटो होय, बाई," ती म्हणाली. "यांचा नाही." नंतर मला म्हणाली, "मोबाइलमध्ये त्यांना थांबवलेलं आहे. त्या कागदासमोर ते बसले होते."

जे ऊन त्यांच्या अंगावरून निघाले, ते त्या कागदावर पोचले होते. कागद तेलात भिजला, उंदराच्या पोटात गेला. हे तपासून घेता येण्यासारखे आहे आणि यापलीकडे त्यात काही नाही. सांत्वनाला आलेली माणसे सांगतात, आठवण मनात असते. ताई ऐकून घेते. परवा तिने मला विचारले, त्यांच्या भुवया जाड होत्या की पातळ. मी म्हटले, जाड. तिने मान हलवली, पण पटल्याची नाही.

परवा म्हणजे याच फाल्गुनात. मी गेलो तेव्हा छतावर काच मांडलेली होती. बोटे पुन्हा काळी झाली होती. कौसल्याबाई कठड्याशी आली, बिब्ब्याचे काही बोलली नाही, उभी राहिली आणि परत गेली. शेजारच्या परसात मोह वाळत घातला होता. ताईने उरलेला तुकडा काचेखाली घातला होता. कुरतडलेली कड सरळ कापून घेतलेली नव्हती. कोपरा उचलून ती रंग पाहत होती. गुलाबी, मग विटेचा, मग जांभळा. जिन्याच्या सावलीत भाऊजींची खुर्ची होती, तिच्यावर सुपात तांदूळ निवडायला ठेवलेले होते.

रमेश वर आला. त्याने छापाकडे पाहिले.

"वहिनी, याले हार कसा घालाचा?"

ताईने छाप उचलला आणि परातीत सोडला. हायपोच्या नव्या बाटलीचे बूच तिने तेव्हा उघडले. जांभळा रंग गेला, विटकरी आला. मग तिने पाणी ओतले, बदलले, पुन्हा ओतले. या वेळी परात भिंतीआड नेली नाही.

छाप संध्याकाळपर्यंत वाळला. तो पक्का झाला आहे. त्यात गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात आहेत, डाव्या हाताची फुगलेली शीर आहे, खुर्चीचे पुढचे दोन पाय आहेत आणि अंगण आहे.